समुद्राकाठचं रिटायरमेंट, सव्वातीन वर्षं वापरून: अडीच स्टार

पाचपैकी अडीच. त्यातला दीड एकट्या सूर्यास्ताचा आणि एक सकाळच्या पोहण्याचा. बाकी ज्यासाठी म्हणून आम्ही राहतं घर विकून इथे आलो, म्हणजे ऊन, ऊब, खारा वारा, खिडकीतून दिसणारं पाणी, ते सगळं जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे अगदी भरभरून मिळालं, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

वापरणारे: मी, वय ६६, आणि आमचे हे, वय ७१. वस्तू: गरम, उन्हाच्या किनाऱ्यावरचा चौथ्या मजल्यावरचा पश्चिमेचा सी-व्ह्यू फ्लॅट, "सिनिअर फ्रेंडली" म्हणून विकलेला. गावाचं आणि बिल्डरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यातलं बहुतेक सगळं कुठल्याही गरम किनाऱ्यावर असंच असणार, मीठ सगळीकडे तेच आणि वाढतं वयही तेच. मी आयुष्यभर हिशोबाचं काम केलं त्यामुळे सवयीने इथे पहिल्या महिन्यापासून दुरुस्तीची एक वही ठेवलीये, जे लिहितेय ते त्या वहीवरून, नुसतं आठवेल तसं नाही.

पहिली चूक आमचीच. आम्ही वस्तू न बघता घेतली असं नाही हां, तीनदा येऊन राहिलो होतो, पण तिन्ही वेळा वर्षातल्या सगळ्यात छान महिन्यात, चार-चार दिवस, आणि हॉटेलात. म्हणजे आपण डेमो पीस बघून आलो. हॉटेलात रोज सकाळी कोणीतरी बाल्कनीचं रेलिंग पुसत होतं, एसीचं बिल आपल्याला दिसत नव्हतं, दार कुरकुरलं तर फोन केला की माणूस हजर. आणि मुख्य म्हणजे तेव्हा हे ६६ चे होते, वापरायला लागलो तेव्हा ६८. दोन वर्षांनी काय होतंय म्हणाल, तर होतं.

आता उकाड्याचं. थर्मामीटर बघून फसू नका. आमच्याकडे आकडा क्वचितच भयंकर असतो, ३२, फार तर ३३. आतल्या बाजूच्या कोरड्या गावांत ४० च्या वर जातं तेव्हा आम्हाला तिकडचे लोक म्हणतात तुमचं बरंय. पण ३२ डिग्री आणि हवेत ७५ टक्के आर्द्रता असली की हीट इंडेक्स काढायचा जो तक्ता असतो त्यात ते ४३ च्या आसपास जातं, अंगाला तेवढं जाणवतं. कारण घाम येणं आणि घामाने गार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घाम वाळला तरच अंग थंड होतं आणि इथे तो वाळतच नाही, नुसता वाहतो. रात्रीसुद्धा सुटका नाही, समुद्र दिवसभराची ऊब धरून ठेवतो, कोरड्या प्रदेशात निदान पहाटे गारवा येतो, इथे पहाटे चार वाजता उशी ओली.

ओल्या बल्बच्या तापमानाबद्दल, म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून मोजतात त्याबद्दल, बरेच जण वाचून असतील, ३५ ही माणसाच्या शरीराची मर्यादा म्हणतात. तो आकडा कागदावर काढलेला. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २०२२ मध्ये प्रत्यक्ष माणसांवर प्रयोग केले तर दमट हवेत ती मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली, आणि ती माणसं धडधाकट तरुण होती. आमचं ३२ डिग्री, ७५ टक्के म्हणजे ओला बल्ब साधारण २८. म्हणजे आम्ही काही अगदी कड्यावर नाही, पण कड्यापासून दूर पण नाही, आणि आमच्या अंगातलं थंड करायचं मशिन जुनं झालंय. वय वाढलं की घाम कमी सुटतो, कातडीकडे रक्त कमी पोचतं आणि सगळ्यात वाईट म्हणजे तहानेची जाणीवच बोथट होते.

ही शेवटची गोष्ट मला पहिल्या वर्षी कळली. हे सकाळी साडेसातला फिरायला गेले आणि पाऊण तासाने कोणीतरी त्यांना हात धरून घेऊन आलं, बाकावर बसले होते म्हणे, डोळ्यांसमोर काळोख. डॉक्टर तरुण होता, त्याने विचारलं, काका पाणी किती पिता? हे म्हणाले, तहान लागेल तेव्हा पितो की. तो म्हणाला, अहो तुम्हाला तहान लागत नाही तोच तर प्रॉब्लेम आहे. मग गोळ्यांची पिशवी उलटी करून बघितली. बीपीसाठी सकाळी एक पाण्याची गोळी चालू होती, वर हृदयाचे ठोके धीमे ठेवणारी दुसरी. पहिलीने अंगातलं पाणी आणि क्षार जातात, दुसरीमुळे उकाड्यात हृदयाला जो वेग वाढवावा लागतो तो वाढवता येत नाही. जुन्या थंड गावात वर्षानुवर्षं त्याच गोळ्या बिनबोभाट चालल्या होत्या. बरं, मी घरी येऊन त्यांना दर तासाला ग्लासभर पाणी द्यायला लागले तर डॉक्टर म्हणे असं पण करू नका, पाण्याच्या गोळीवर नुसतं पाणी ढोसलं तर सोडियम उतरतं. शेवटी डोस बदलला, पाण्याचं माप ठरवून दिलं, तेव्हा जमलं. तात्पर्य वगैरे काही नाही, पण सामान बांधायच्या आधी गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरकडे जा आणि सांगा की मी दमट उकाड्यात राहायला चाललोय. आम्ही सोफ्याची मापं घेतली होती, ही यादी नव्हती घेतली.

तेव्हापासून आमचं टाइमटेबल असं: सकाळी सहा ते साडेसात बाहेर, आणि संध्याकाळी पावणेसहानंतर बाहेर. मधले दहा तास घरात. आणि घर पश्चिमेचं असल्यामुळे दुपारी बारानंतर ऊन सरळ हॉलमध्ये घुसतं, म्हणून जाड पडदा ओढून, एसी लावून बसायचं. थोडक्यात सी-व्ह्यूचे जादा पैसे भरायचे आणि अख्खी दुपार तो व्ह्यू झाकून ठेवायचा. माझी बहीण आली होती, ती पडद्याकडे बघून म्हणाली हे तर तू कुठेही राहून करू शकली असतीस. मी काय बोलणार.

आता मीठ. खरं तर हा रिव्ह्यू मिठासाठीच लिहायला घेतला होता.

स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत पाणी सुटतं हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळतं, हे त्याचं ठरलेलंच आहे. समुद्राच्या वाऱ्यातून येणाऱ्या मिठात वर मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं, ते याहून हावरट, आर्द्रता ३३ टक्के असली तरी ते ओलंच राहतं. म्हणजे तुमच्या रेलिंगवर, बिजागरीवर, एसीच्या मागच्या जाळीवर जो पांढुरका थर बसतो तो पाऊस नसतानाही कायम ओला, खारट पाण्याचं फडकं चोवीस तास लोखंडाला गुंडाळून ठेवल्यासारखं. लोक म्हणतात पावसाळ्यात गंज धरतो. उलट आहे हो, पाऊस आला तर निदान धुतलं जातं, कोरड्या दिवसांत थरावर थर चढतो.

वहीतल्या नोंदी वाचून दाखवते. महिना चार, बाल्कनीच्या स्लायडिंगची चाकं जाम. महिना सहा, लॅचमध्ये किल्ली तुटली, आम्ही बाहेर, गॅसवर काही नव्हतं नशीब. महिना नऊ, फ्रीजच्या पाठीमागे गंज. महिना एकोणीस, बेडरूमच्या एसीचं थंड होणं बंद, आलेला माणूस म्हणाला गॅस गेलाय, भरून गेला, महिना एकवीसला परत गेला, मग दुसरा आला तो म्हणाला कॉइल सडलीये, तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली ना मॅडम, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. पट्ट्या हाताला लागल्या तर भुगा होत होत्या, अगदी पाउडर. युनिट समुद्राच्या तोंडावर लावलं होतं, बिल्डरने सगळ्यांची तिथेच जागा ठेवलीये. आता नवीन घेतलं ते कोटिंगवालं आणि दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुते, स्विच बंद करून. सहासष्टाव्या वर्षी चौथ्या मजल्यावर बाल्कनीतून वाकून एसी धुणं हे कुठल्या ब्रोशरमध्ये बघितलंत का?

रेलिंगची गंमत वेगळी. "स्टेनलेस स्टील आहे, आयुष्यभर बघायला नको." आठ महिन्यांत चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. चौकशी केल्यावर कळलं की ते ३०४ ग्रेडचं होतं, किनाऱ्यावर ३१६ लागतं, त्यात दोनेक टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो त्याने ते मिठापुढे जास्त टिकतं. आणि ३१६ पण सोडून दिलं तर डागाळतंच. आमच्या शेजाऱ्यांनी लोहचुंबक लावून बघितलं आणि म्हणाले माझं चांगलं आहे, चिकटत नाही! अहो दोन्ही चिकटत नाहीत. बिलावर ग्रेड लिहून घ्या, एवढाच उपाय.

ह्यांचं कानाचं यंत्र हा आमच्या घरातला सगळ्यात नाजूक विषय. जुन्या गावी पाच वर्षं एकाने काढली. इथे चौदा महिन्यांत आवाज चरचरायला लागला, मध्येच बंद, मध्येच चालू. दुकानदाराने उघडून भिंगाखाली दाखवलं, रिसिव्हरच्या टोकाला हिरवट बुरशीसारखं काहीतरी आणि बॅटरीच्या पत्र्यावर पांढरी खार. घाम आणि दमट हवा, दुसरं काय. आता रोज रात्री झोपताना ते यंत्र झाकणाच्या डबीत, खाली सिलिका जेलचे मणी, केशरी असले की कोरडे, हिरवे पडले की तापवून घ्यायचे. म्हणजे रात्री नऊनंतर आमचा संवाद संपतो. मी काही बोलले तर हे प्रेमाने हसतात, त्यांना वाटतं मी गुड नाइट म्हणतेय.

पुस्तकं, जुने अल्बम, कॅमेऱ्याची लेन्स, सगळ्यावर बुरशी. आर्द्रता साठच्या खाली ठेवायची तर डीह्युमिडिफायर लावा, तो चोवीस तास चालणार, त्याची टाकी रोज दोनदा ओता. पुढे.

इमारतीचं मात्र पुढे म्हणता येत नाही. काँक्रीटमधून मीठ हळूहळू आत झिरपतं, सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटी-तिपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटचे पोपडे सुटतात. आमच्या पार्किंगमध्ये दोन कॉलमवर उभ्या चिरा आल्यात, तांबूस पाणी ओघळलेलं दिसतं. मीटिंग झाली. दुरुस्तीचा फंड काढायचा ठराव आला तर तळमजल्यावरचे काका, वय ८२, उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, ही दुरुस्ती पंचवीस वर्षं टिकेल असं इंजिनिअर म्हणतो, मला पंचवीस वर्षं कशाला पाहिजेत, माझ्या औषधांचे पैसे मी कॉलममध्ये का घालू. कोणी हसलं नाही. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला. मला राग पण आला आणि त्यांचं म्हणणं खोडता पण येईना. सगळेच रिटायर्ड असलेल्या इमारतीत हे होणारच, प्रत्येकाची मुदत इमारतीच्या मुदतीपेक्षा कमी.

फ्लोरिडातल्या सर्फसाइडची बिल्डिंग आठवते ना, चॅम्पलेन टॉवर्स साउथ, १९८१ ची, बारा मजली, समुद्राला लागून, २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर अर्धी खाली आली, ९८ माणसं गेली. तिथे नुसतं मीठ कारण नव्हतं, पूल डेकच्या, म्हणजे पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबच्या, मूळ डिझाइनमधलीच कमजोरी तपासात पुढे आली, पण काँक्रीट खराब झालंय असं इंजिनिअरने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं आणि दुरुस्तीच्या पैशावरून तिथेही अशाच मीटिंगा चालल्या होत्या. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला, ठरावीक वयाच्या इमारतींची तपासणी सक्तीची आणि मोठ्या दुरुस्तीचा राखीव फंड मतदान करून टाळता येणार नाही असा. चांगलाच कायदा. पण त्यामुळे तिकडे पेन्शनवर राहणाऱ्या कित्येकांच्या हातात एकदम मोठमोठी बिलं आली, आणि ज्यांना झेपली नाहीत त्यांना फ्लॅट विकायची पाळी आली. तेव्हा फ्लॅट घेताना समुद्र किती फुटांवर आहे हे विचारण्याआधी फंडात किती आहे ते विचारा.

बोअरच्या पाण्याबद्दल एकच सांगते. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं, असा जुना हिशोब आहे. आता उलटा लावा: उपसा करून पातळी एक मीटर उतरवली की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर. सीझनला सगळी हॉटेलं पंप लावतात आणि दोन महिन्यांनी आमच्या नळाला मचूळ पाणी येतं. बीपीवाल्या माणसांना.

वादळाविषयी मी आधी हलकं घेत होते. चक्रीवादळ तयार व्हायला समुद्राचं पाणी साधारण २६.५ डिग्रीच्या वर लागतं. आपल्याला पोहायला जे "किती छान कोमट आहे" वाटतं ना, तेच. लुइझियानात २००५ च्या कॅटरिनामध्ये जे गेले त्यातले जवळजवळ निम्मे पंचाहत्तरी गाठलेले होते. आणि सगळे पाण्याने जातात असं नाही. २०१७ च्या इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्याच एका नर्सिंग होमचा एसी बंद पडला, इमारत धड उभी, पाणी शिरलेलं नाही, आणि उकाड्याने बारा म्हातारी माणसं गेली. मग तिथे नियम झाला की अशा ठिकाणी ९६ तास गारवा राहील एवढा जनरेटर आणि इंधन पाहिजेच. पण तो नियम नर्सिंग होम वगैरेंना, फ्लॅटमध्ये आपापले राहणाऱ्यांना कोण विचारतंय.

आमच्याकडे गेल्या वर्षी साधं वादळ झालं, बातमीत पण आलं नसेल, नुसता वारा आणि तारा तुटल्या. लाइट एकतीस तास गेली. वहीत तास लिहून ठेवलेत. पहिले दोन तास मजा वाटली, मेणबत्त्या वगैरे. मग लक्षात आलं लिफ्ट बंद म्हणजे चौथ्या मजल्यावरचे आम्ही अडकलो, पंप बंद म्हणजे टाकीत आहे तेवढंच पाणी, आणि सिनिअर फ्रेंडलीवाला जनरेटर फक्त जिन्यातल्या आणि गेटवरच्या दिव्यांपुरता. रात्री नऊला घरात ३३ डिग्री, खिडक्या उघडाव्या तर वाऱ्याबरोबर पाणी आत. सहाव्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, इन्सुलिनवर. इंजेक्शनच्या न उघडलेल्या पेनांचा तीन महिन्यांचा साठा फ्रीजमध्ये, तो २ ते ८ डिग्रीत ठेवायचा असतो, चालू पेन बाहेर चालतं पण तेही साधारण तिशीच्या खालीच. त्यांनी फोनवर मुलीला विचारून पेनं ओल्या फडक्यात गुंडाळून माठासारखी ठेवली होती. मी जिना चढून गेले, हात लावला तर फडकं कोमट. वाळतच नव्हतं ना! घामाचं जे होतं तेच फडक्याचं. आमच्या फ्रीजरमधला बर्फ थर्मासमध्ये घालून, बर्फाला थेट लागू नये म्हणून नॅपकिन गुंडाळून पेनं ठेवली, आणि मग रात्रभर मी आणि खालच्या मजल्यावरची एक बाई आळीपाळीने वर जाऊन बघत होतो, बर्फ संपला की दुसऱ्याच्या फ्रीजरमधला. सकाळी माझे गुडघे असे सुजले होते की दोन दिवस मी पोहायला पण गेले नाही. त्या आजोबांनी पुढच्या महिन्यात फ्लॅट विकायला काढला, अजून गेलेला नाही.

डॉक्टर. फुगे, टोप्या, पोहायच्या रिंगा विकणारी सात दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, हार्टचा डॉक्टर सव्वा तास गाडीने, आणि सीझनच्या शनिवारी अडीच तास, कारण रस्ता एकच आणि त्यावर सगळे पर्यटक. हे फक्त आमचं नाही. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांचा २०२१ चा रिपोर्ट आहे किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या तब्येतीवर, आता इंग्लंडचा किनारा काही गरम नाही, पण गणित तेच: म्हातारे येऊन राहतात, तरुण शिकायला-कमवायला बाहेर जातात, आजार वाढतात आणि डॉक्टर-नर्स त्या मानाने कमी. त्यात घरी मदतीला बाई किंवा माणूस लावला तर सीझन सुरू झाला की तो हॉटेलात जातो, तिथे टिप मिळते. दोष त्यांचा नाही. पण ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा नेमका सीझन होता, डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब मीच घालत होते.

मोतीबिंदूवरून आठवलं, ऊन. ऊन म्हणजे व्हिटॅमिन डी हे सगळे सांगतात. अल्ट्राव्हायोलेटने मोतीबिंदू लवकर पिकतो, डोळ्याच्या पांढऱ्यावर मांस वाढतं ते वेगळं, आणि वाळूवरून १५ टक्के, फेसावरून २५ टक्के परत वर उडतं म्हणजे छत्रीत बसून पण सुटका नाही. पाण्याच्या गोळ्यांपैकी काही अशा आहेत की त्याने कातडी उन्हाला जास्त नाजूक होते, तेही विचारून घ्या. डास पण बारमाही, थंडी नाही म्हणजे डासांना सुट्टी नाही. मला चिकुनगुन्या झाला होता, ताप चार दिवस, बोटांचे सांधे पाच महिने, बरणीचं झाकण उघडत नव्हतं.

माणसांबद्दल लिहू की नको असं झालंय, कारण इथे कोणाचीच चूक नाही. पहिल्या वर्षी आमच्याकडे चौदा वेळा पाहुणे आले, गादी सतत अंथरलेलीच. दुसऱ्या वर्षी सहा. यंदा आतापर्यंत दोन. नातवंडं मोठी झाली, त्यांना समुद्र बघून झाला. आमच्या विंगमध्ये चोवीस फ्लॅट आहेत, ऑफ सीझनला रात्री खाली उभं राहून मोजलं तर नऊ घरांत दिवा. बाकीचे गुंतवणूकवाले किंवा सुट्टीपुरते. नवीन ओळखी होतात, नाही असं नाही, पण सगळे आपल्याच वयाचे. सव्वातीन वर्षांत पाच जण गेले आणि तीन जण एकटे पडल्यावर मुलांकडे परत गेले. ज्या मैत्रिणीबरोबर मी पोहायला जायचे ती त्या तिघांत. चाळीस वर्षांच्या ओळखीत जे न बोलता चालतं ते इथे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगून होईपर्यंत माणूस राहतोय का हा प्रश्न.

आता चांगलं काय, नाहीतर म्हणाल बाई नुसती रडगाणं गाते. सकाळी सव्वासहाला पाण्यात उतरलं की गुडघ्यांवरचं वजन जातं, पाऊण तास मी पस्तिशीची असते, हे खरंच कुठल्याही गोळीने होत नाही. बर्फावरून घसरून खुबा मोडायची भीती नाही, थंडीत सांधे आखडणं गेलं. आणि सूर्यास्त. तो रोज वेगळा असतो आणि त्याला दुरुस्ती लागत नाही. (पायाला जखम असेल तर मात्र कोमट खाऱ्या पाण्यात उतरू नका, लिव्हरचा त्रास किंवा डायबेटिस असेल तर मुळीच नको, व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात, फार झपाट्याने वाढतात.)

परत घ्याल का असं विचाराल तर असा नाही घेणार. आधी वर्षभर भाड्याने राहीन, विकणं वगैरे नंतर, आणि त्या वर्षात सगळ्यात घाणेरडे महिने मुद्दाम राहून काढीन. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत घेईन, कारण हवेतलं मीठ पहिल्या काही शे मीटरमध्येच झपाट्याने कमी होतं, आणि पोहायला रिक्षाने येईन. दुसऱ्या मजल्याच्या वर नाही. पूर्वेचं घर. जनरेटरवर लिफ्ट आणि एक एसी पॉइंट चालतो का ते स्वतः मेन स्विच पाडून बघीन, सेल्सवाल्याला राग आला तर येऊ दे. आणि आम्हा दोघांतलं एक गेल्यावर उरलेल्याला इथे राहायचंय का, हे घ्यायच्या आधी बोलून घेईन. आम्ही अजून बोललेलो नाही.

वहीतली कालची नोंद त्रेपन्नावी, बाथरूमच्या खिडकीचं हँडल हातात आलं. पाच चाळीस झालेत, ह्यांनी खुर्च्या लावल्यात, पडदा उघडायला उठते.